गुप्ताजींची मिशी आणि अधांतरी पृथ्वी

आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या तीन पिढ्यांत गिऱ्हाइकाची मिशी ओढण्याचा प्रसंग एकदाच आला, आणि तो माझ्या हातून घडला.

दुकान ग्वाल्हेरला नई सडकेवर आहे. आजोबांनी ते काढलं, वडिलांनी वाढवलं आणि मी ते आहे तेवढंच ठेवलं. आमची मंडळी कधीकाळी दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आली. हातातली तलवार नेमकी कधी सुटली ते घरात कुणाला आठवत नाही, पण आता आमच्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो, तोही करंगळीएवढा.

माझी मुलगी ऋता बेंगळुरूला एका कंपनीत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती आठ दिवसांसाठी घरी आली, ती एक पांढरी पेटी पोटाशी धरूनच. पेटीत मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट होता. म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक जाडजूड चष्मा, त्याला एक वायर, आणि वायरीच्या टोकाला खिशात ठेवायची बॅटरी. तो घातला की आपली खोली आहे तशीच दिसते, पण त्या खोलीत ज्या वस्तू नाहीत त्याही असल्यासारख्या दिसतात. मी किंमत विचारली, तर ऋता म्हणाली की आधी घालून बघा. माझ्या बायकोनं, मेधानं, ती दुसऱ्या दिवशी बरोबर काढून घेतली आणि मला एवढंच सांगितलं की तेवढ्या पैशात आपल्या घराची गच्ची नव्यानं होईल आणि वर रंगही लागेल.

कंपनीला जाणून घ्यायचं होतं की इतकी महाग वस्तू मोठ्या शहरांच्या बाहेर कुणी घेईल का. पहिल्यांदाच एखादं काम एकट्या ऋतावर सोपवलं होतं. गावातल्या चार-पाच जणांना हेडसेट घालायला द्यायचा, ते काय म्हणतात ते लिहून न्यायचं. यंत्र एकच आणि तेही कंपनीचं, त्यामुळे त्यावर ओरखडासुद्धा येऊन चालणार नव्हता. पोरीची झोप उडाली होती. मी तिला म्हटलं, तू कशाला काळजी करून राहिली? शेवटी हा चष्माच ना? ग्वाल्हेरच्या नाकांवर काय बसतं आणि काय घसरतं, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? (हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं की मेधा ते माझ्याआधी म्हणायला लागली.)

त्याच संध्याकाळी ऋतानं तो माझ्या डोळ्यांवर बांधला.

आमची बैठक आहे तशीच दिसत होती. तोच सोफा, तेच कॅलेंडर, चहाचा कप घेऊन उभी असलेली मेधा. आणि मध्ये, टीपॉयच्या वर, अधांतरी पृथ्वी. पाण्याच्या मोठ्या माठाएवढी. हळूहळू फिरत होती. समुद्रावर उन्हाची चकाकी होती आणि ढगांच्या खाली ढगांची सावली पडलेली दिसत होती. मी वाकून तिच्या खालून पाहिलं, तर खाली पांढरंशुभ्र बर्फ. मागच्या बाजूला गेलो, तर तिथे काळोख होता आणि त्या काळोखात माणसांच्या वस्त्यांचे दिवे. तीस वर्षं मी लोकांना विचारत आलो आहे की आता स्पष्ट दिसतंय का. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता. मेधाला टीपॉयवर कप ठेवायचा होता. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, जरा थांब, ढग जाऊ दे.

मग मी ठरवूनच टाकलं. पूर्ण चंबळच्या भागात या वस्तूची एजन्सी घ्यायची, आणि ती आपणच.

रविवारी सकाळी घरी प्रात्यक्षिक ठेवलं. मुख्य पाहुणे गुप्ताजी. दाल बाज़ारात त्यांचा डाळींचा मोठा व्यापार आहे आणि ते आमचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. भारी नंबर, जाड भिंगं आणि चष्म्याखाली दोन्ही बाजूंना वळवलेली, रोज तेल लावलेली मिशी. गुप्ताजींनी एक घेतला की सगळा दाल बाज़ार घेणार, असा माझा हिशेब होता. ते आले, सोबत शेजारचे दोघे आले, आणि वरच्या मजल्यावरून सिंधूआत्या खाली आली.

सिंधूआत्या म्हणजे माझी आत्या. मुलींच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि सत्तरी उलटल्यावरही तिची पाठ रुळासारखी सरळ आहे. गुप्ताजींच्या दोन्ही मुली तिच्या हाताखालून गेल्यामुळे तिला पाहून ते अजूनही उठून उभे राहतात. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली की बैठकीत पृथ्वी आली आहे असं ऐकलं.

हेडसेट घातलेल्याला जे दिसतं तेच टीव्हीवर दिसेल अशी सोय ऋतानं केली होती. तिनं मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "बाबा, हात पुढे नाही न्यायचा. बटनाकडे फक्त बघायचं आणि मांडीवरच चिमटी करायची. बस, हो गया." मी म्हटलं, कळलं. यंत्र डोळ्यांवर चढवून मी सोफ्यावर गुप्ताजींच्या समोर बसलो आणि भाषण सुरू केलं. पृथ्वी सुरू करायचं गोल बटन हवेत दिसत होतं. ते नेमकं गुप्ताजींच्या नाकाखाली येऊन थांबलं होतं.

आता माझी बाजू ऐका. माझं आयुष्य लोकांच्या चेहऱ्याला हात लावण्यात गेलं आहे. नाकावरची फ्रेम दाबायची, कानामागची दांडी वाकवायची, हाच माझा धंदा. समोर नाक आणि नाकाखाली बटन दिसल्यावर हात मांडीवर राहील कसा? मी पुढे झुकलो आणि चांगली घट्ट चिमटी घेतली. बटन दाबलं गेलं नाही म्हणून जरा ओढलं.

गुप्ताजी ओरडले नाहीत. मोठा माणूस. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, ये मेरी है."

टीव्हीवर सगळ्यांनी हे माझ्याच डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या दोघांपैकी एक जण उठून बाल्कनीत गेला, त्याचे खांदे हलत होते. मी माफी मागितली, मेधानं घाईघाईनं पोहे आणले आणि वातावरण निवळेपर्यंत आम्ही थंडीवर बोललो. मग गुप्ताजी मोठ्या मनानं म्हणाले की आता आणलीच आहे तर दाखवा तुमची मशीन. चष्मा काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला. ऋतानं यंत्र त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बराच वेळ झाला. मग त्यांनी विचारलं, "इसमें दिखता क्या है?"

त्यांना काहीच दिसत नव्हतं. पृथ्वी म्हणजे एक निळा डाग आणि आम्ही सगळे म्हणजे बाकीचे डाग. हेडसेटच्या आत चष्म्याला जागा नसते. नंबर असलेल्याला आतून वेगळी भिंगं बसवून घ्यावी लागतात, आणि ती ऋताकडे नव्हती. मला जवळचं वाचायलाच चष्मा लागतो, त्यामुळे माझं काही अडलं नव्हतं. अख्ख्या खोलीत ही गोष्ट आधी लक्षात यायला हवी होती असा एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात या क्षणी गुप्ताजींचा चष्मा होता.

इथेच थांबायला हवं होतं. पण एजन्सी डोळ्यांपुढे होती. मी स्कूटर काढून दुकानात गेलो, डोळे तपासायच्या पेटीतली गुप्ताजींच्या नंबरची दोन गोल भिंगं घेतली, परत आलो आणि ऋता पाणी प्यायला आत गेली होती तेवढ्यात ती हेडसेटच्या आत औषधाच्या पांढऱ्या चिकटपट्टीनं चिकटवली. कारागिरी म्हणून वाईट नव्हती. गुप्ताजींनी यंत्र पुन्हा चढवलं आणि खरोखर त्यांना दिसलं. ते "अरे, अरे" म्हणत सोफ्यावरून उठले. त्यांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात ऋता बाहेर आली.

तिनं यंत्राच्या कडेनं बाहेर आलेली पट्टी पाहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, कंपनीचा आहे," एवढंच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरलो आणि गुप्ताजींच्या डोळ्यांवरचं यंत्र सरळ ओढलं. पट्टीची एक कड सुटून त्यांच्या डाव्या भुवईला चिकटली होती. यंत्र आलं, पट्टी आली, आणि पट्टीबरोबर भुवईही बरीचशी आली.

मी कोपऱ्यात जाऊन खिशातलं मोठं भिंग डोळ्याला लावलं आणि यंत्राची काच इंचइंच तपासली. त्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात दुकान विकलं. ओरखडा नव्हता. चष्मे पुसायच्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं मी चिकटा पुसून काढला. गुप्ताजी भुवईवर बर्फ धरून बसले होते. ऋता वही मिटायला लागली. ग्वाल्हेरचा बाजार माझ्या हातून बसला होता.

तेव्हा सिंधूआत्या म्हणाली, "विनू, मला बघू दे."

मी म्हटलं, आत्या, तुला दिसायचं नाही, तुझं वय बघ. ती म्हणाली की तू आधी बाजूला हो. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला वर्ष झालं होतं. आत नवी भिंगं बसली होती आणि दूरचं तिला माझ्याहून स्वच्छ दिसत होतं. ऋतानं बॅटरी तिच्या कमरेला खोचली, अंबाडा सांभाळून पट्टा आवळला. टीव्हीवर आमची बैठक आली, आणि मग पृथ्वी.

आत्या पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरी मारून आली. हात पाठीमागे बांधलेले, पावलं सावकाश. टीव्हीवर हिमालय जवळ आला, इतका जवळ की शिखरांच्या सावल्या दिसू लागल्या. मग तिचा हात पुढे आला आणि हवेत थांबला.

"छत्तीस वर्षं," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं मी मुलींना सांगितलं की ही अशी आहे. मी तरी कुठे पाहिली होती?"

गुप्ताजींच्या हातातला बर्फ वितळून बाहीत जात होता, त्यांना पत्ता नव्हता.

मग आत्या आमच्याकडे वळली, आणि आवाज बदलला. तो वर्गातला आवाज होता. ती म्हणाली, "गुप्ताजी, आप अटलांटिक महासागर में खड़े हैं. थोड़ा हटिए." गुप्ताजी "जी बहनजी" म्हणून दोन पावलं सरकले. टीव्हीवर ते खरंच आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. आणि आत्यानं शिकवायला सुरुवात केली. वारे कुठून निघतात, ते वाळवंट तिथेच का आहे, आपल्याकडची थंडी कुठल्या डोंगरांवरून उतरते. हवेत बोट फिरायचं आणि जिथे बोट जाईल तिथे आमच्या माना जायच्या. काही वेळानं मी टीव्हीकडे पाहायचंच विसरलो. टीव्हीवर फक्त चित्र होतं. पृथ्वी आत्याच्या हातापाशी होती.

मेधा ओल्या हातांनी दारात उभी राहिली. शेजारच्यांनी बायकांना बोलावून घेतलं. जिन्यावर चपला वाढत गेल्या. कुणीतरी प्रश्न विचारला तर आत्या म्हणाली की आधी हात वर करा, आणि पन्नाशीच्या माणसानं हात वर केला.

दोन तासांनी बॅटरी संपली. आत्यानं यंत्र काढलं, दोन्ही हातांनी ऋताकडे दिलं आणि रिकाम्या टीपॉयकडे जरा वेळ पाहत राहिली. मग तिनं चहा मागितला.

ऋतानं वही उघडून प्रत्येकाला विचारलं की तुम्ही हे विकत घ्याल का. सगळे नाही म्हणाले. त्यात कुणाला संकोच वाटला नाही. पुढच्या रविवारी बहनजींचा वर्ग आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. ऋतानं ते जसंच्या तसं लिहून नेलं. तिच्या साहेबांनी अहवाल दोनदा वाचला म्हणे, आणि शाळांसाठी काय करता येईल ते बघायला तिलाच सांगितलं. चिकटपट्टीचं तिनं लिहिलं नव्हतं. मुलगी माझी आहे, पण शहाणी आहे.

राहता राहिलो मी. महिनाभरानं गुप्ताजी दुकानात आले. भुवई उगवत होती, पण त्यांना ओळखायला मला वेळ लागला, कारण नाकावर चष्मा नव्हता. सिंधूबहनजींना त्या वयात इतकं स्वच्छ दिसतं हे त्या दिवशी पाहून त्यांनी चौकशी केली होती आणि कंपूतल्या मोठ्या इस्पितळात जाऊन दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं होतं. नंबर गेला. आता चष्म्याची गरज नाही, असं त्यांनी माझे दोन्ही हात धरून सांगितलं. त्यांच्यामागून दाल बाज़ारातले आणखी चौघे जण जाऊन आले.

महागडा चष्मा ग्वाल्हेरात खपेल का, ते मला अजूनही सांगता येत नाही. साधा चष्मा खपणं कसं बंद करायचं, ते मात्र तीन पिढ्यांत मलाच जमलं.