बंद घरात वाढणारं लुगडं

कुलूप माझ्या हातचं, सील माझं, जमिनीवर पसरलेली राखही माझीच. राखेवर उंदराचं सोडा, मुंगीचंही पाऊल नव्हतं. आणि मागावरच्या लुगड्याच्या पदराला काल एक पट्टा होता, आज दोन! मी दारातच डोळे चोळत उभा राहिलो.

तेव्हा मी सोलापुरात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. प्लेगची साथ ओसरत आली होती. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक माळावर झोपड्या बांधून राहायचे. गाव रिकामं करणं सोपं, ते भीतीच करून घेते. पुन्हा वसवायचं म्हणजे डोक्याला ताप. जो तो विचारतो, "आज जाऊ का?"

आमचा प्लॅन साधा होता. एकेक गल्ली घ्यायची. कौलं उतरवून घरात ऊन पाडायचं, बिळं बुजवायची, औषध फवारायचं. मग जमिनीवर चाळलेली राख पसरून दार सील करायचं. उंदीर फिरला तर पावलं उमटतात. सलग तीन दिवस राख कोरी राहिली की घर मोकळं.

विणकरांच्या गल्लीत मात्र मी फारच कडक होतो. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. सुताला लावायची खळ पिठाची, म्हणजे उंदरांची चंगळ. आणि उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू माणसाला चावते, प्लेग येतो तो तिच्यामुळे. त्या खड्ड्यांचा मला धसकाच होता.

वर पाहिलं. कौलं नसलेल्या छपराच्या वाशाला दोर बांधलेला, आणि दोराचं टोक थेट खड्ड्यात!

घर मल्लय्याचं. तेलुगू विणकर, पन्नाशी उलटलेला, सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. त्याला माळावर गाठलं.

"मामा, घरात कोण उतरतंय?"

"मीच की साहेब. तुमचा पहाऱ्यावरचा शिपाई दुपारी भाकरी खायला बसला की जातो. पण राखेवर पाय ठेवला न्हाय हां! तुमचं सगळं पाळलं की."

माझं डोकंच फिरलं. "अहो, राख उंदरांसाठी आहे!"

"मग मी कुटं उंदीर हाय?"

त्याची बायको नरसम्मा मध्ये पडली. "पोरीचं लगीन दहा दिसांवर आलंय साहेब. बापानं विणलेलं लुगडं नेसूनच आमच्यात पोरगी उभी राहते. पदर तेवढा राहिलाय, आन् तुमी कुलूप घातलंय."

राग निम्मा तिथंच उतरला, पण काळजी लागली. ह्याला ताप आला तर लग्न राहिलं बाजूला, ह्याचाच जीव जायचा. वर अख्खी गल्ली पुन्हा बंद. तडक हेल्थ ऑफिसर साहेबांकडे गेलो.

"दोरावरून? ह्या वयात?" साहेब खो खो हसले. मग गंभीर झाले. "आठ दिवस वेगळ्या झोपडीत. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर."

"आणि लुगडं, साहेब?"

"तुम्ही हेल्थ खात्यात आहात की कापडाच्या दुकानात?"

"ते आत राहिलं तर तो पुन्हा उतरणार. दोर काढला तर भिंत फोडेल."

साहेब टेबलावर बोटं वाजवत बसले. "बरं. माग बाहेर काढा. आधी सगळं कडक उन्हात तापवा."

ताण्यासकट, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतासकट, लुगडं गुंडाळून दोन दिवस उन्हात टाकलं. मल्लय्याच्या झोपडीत नवा खड्डा खणला. तिसऱ्या दिवशी गडी बसला की विणायला! हातात धोटा, तोंडात माझा थर्मामीटर. गल्लीतले म्हातारे लांब उभे राहून ओरडून सूचना द्यायचे, आणि हा तोंड बंद असल्यामुळे नुसता डोळे वटारायचा. नरसम्मा तर पदर तोंडाला लावून हसायची. मी मात्र दर वेळी पारा बघताना मनात देवाचं नाव घ्यायचो. आठव्या संध्याकाळी पारा होता तिथंच होता. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला मिठीच मारली.

एव्हाना बाकीचे विणकर माझ्यामागे लागले होते. "आमाला पण खड्डा द्या की." साहेबांनी परवानगी दिली, आणि माळावर मागांची खटखट सुरू झाली. तिकडे गल्लीतली राख तिन्ही दिवस कोरी राहिली. मी ऐटीत जाहीर केलं, "गल्ली मोकळी! चला घरी!"

कुणी हललं नाही.

"एवढा ताणा उतरू द्या की साहेब," मल्लय्या मान वर न करता म्हणाला.

लग्न माळावरच लागलं. नवरी बापानं विणलेल्या लुगड्यात अशी काही दिसत होती की साहेबसुद्धा अक्षता टाकायच्या विसरले. गल्ली मात्र उघडी पडून राहिली. जिथं लोकांना अडवायला मी शिपाई ठेवला होता, तिथं त्यांना परत आणायला पुढचे पंधरा दिवस मीच हातापाया पडत फिरलो.

पुढं नोकरीभर कुठलीही वस्ती बंद करायची ऑर्डर आली, की उंदरांची चौकशी मी नंतर करायचो. आधी दारोदार एकच विचारायचो, "आत कुणाचं काय अर्धं राहिलंय?"