दिल्या, आज राज्या आला होता

दिल्याले वाघानं नाई खाल्लं. माश्यांनी मारलं.

बोरच्या जंगलात गेला म्हटलं की लोक हटकून विचारते, "वाघ का?" वर्ष झालं, हेच उत्तर देऊन राह्यलो.

दिलीप. सेलूत मोटार वायंडिंगचं दुकान. शाळेपासूनचा दोस्त, आमचा दिल्या.

दर संडेले आमी तिघं हिंगणीच्या पुढं, गेटच्या बाहेरच्या जंगलात पायी फिराले जात होतो. दिल्या, मी अन् भाजीपाला लावणारा राज्या. नदीच्या खोऱ्यात उतराचं, टेकडी चढाची अन् दुपारी घरी येऊन बायकायच्या शिव्या खायच्या.

चालताना दिल्याचं तोंड बंद नसे. जाड सागवान दिसला की त्याले हात लावून म्हणे, "हा माहा. रिटायरमेंटले ठेवला."

त्या संडेले राज्याचा नवस होता. पोरीचा नर्सिंगले नंबर लागला होता. नदीकाठच्या देवापाशी निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजतो म्हणून बोलला होता तो.

दिल्या नवस मानत नव्हता. रोडगे मानत होता.
"नवस तुहा, वांग्याची भाजी माही," म्हणे. वांगे, मिरच्या, तेल, सगळं तोच घेऊन आला.

देव म्हणजे अर्जुनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड. अन् वरच्या फांदीले हे एवढं आग्या मोहोळ.

दिल्यानं पाह्यलं.
"राज्या, वरते पाय. इथं विस्तू पेटवू नोको. खाली रेतीत पेटव."
"नवसाचा गोवऱ्यायचा जगरा देवासमोरच लागते बे. बापानं इथंच केला, आजानं इथंच केला."
"तुह्या आजाच्या वक्ती मोहोळ होतं का, बैताडा?"
"देव पाहते ना."

देवानं काई पाह्यलं नाई.

जंगलात विस्तू लावाले मनाई आहे, हे तिघायलेही माहीत होतं. पण सारे लावते, मंग आमीही लावला. गोवऱ्या पेटल्या, निखारे झाले, रोडगे आत टाकले. अन् वारा फिरला.

दोनचार माश्या खाली आल्या. राज्याच्या मानेले चावल्या. अन् ह्या गाढवानं काय करावं? पाण्याची कॅन उचलली अन् जगऱ्यावर ओतली!

अर्धवट जळलेल्या गोवरीवर पाणी! आमच्याकडं शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत असते काय होते ते. पांढरा, जाड धूर सरळ झाडात गेला.

मंग आवाज आला. दिल्याच्या दुकानात जळाले आलेली मोटार घरघरते ना, तसा.

तोंडात. कानात. पापण्यायवर. शर्टाच्या आत.

मी ओरडलो तर जिभेले चावली. दिल्यानं माही कॉलर धरली अन् झुडपातून फरफटत काढलं. काट्यायनं पँट फाटली, गाल फाटला. तो शिव्याच देत होता.
"मारू नोको त्यायले! पय साल्या, पय!"

मांगं राज्या दुपट्टा फिरवत उभा. माश्या मारून राह्यला. जितक्या मारे, तितक्या जास्त येत. मंग पडला, अन् मातीत हातपाय आपटाले लागला.

"तू रोडवर जा, गाडी थांबव. मी त्याले आणतो."
"दिल्या, मरशीन बे!"
"अन् तो?"

एवढंच बोलला. गेला.

आपला शर्ट काढून त्यानं राज्याच्या डोक्याले गुंडाळला. अन् उघड्या अंगानं त्याले ओढत रोडपर्यंत आणलं. पाठ दिसत नव्हती. नुसत्या माश्या. मी मुठीनं ओरबाडल्या, तरी चिकटलेल्याच.

सेलूले पोचाच्या आधी, गाडीतच गेला दिल्या. माह्या मांडीवर.

चेहरा इतका सुजला होता की वैशाली वयनीनं, त्याच्या बायकोनं, आधी ओळखलंच नाई. "हे आमचे नाई," म्हणे. "दुसऱ्या कोणाले आणलं तुमी."

राज्या वाचला.

वर्षभर मी त्याचं तोंड पाह्यलं नाई. चौकात सांगून ठेवलं होतं, दिल्याच्या दारात पाय ठेवला तर तंगडं तोडीन.

आज त्याच्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. वंदना झाली, पंगत बसली. अन् राज्या दारात.

वाळून काटकी झाला. हातात मेणबत्त्यायचा पुडा. चप्पल काढू का नोको, असा उभा.

माहं डोकं सटकलं. कॉलर धरून भिंतीले आदळला. कानाखाली दोन ओढल्या. लेकाच्यानं हातसुद्धा वर केला नाई.
"मार भाऊ," म्हणे.
म्हणून अजून एक मारली. नाकातून रक्त आलं त्याच्या.

वयनी पंगतीत भाजी वाढून राह्यली होती. तशीच बादली घेऊन धावत आली. मले वाटलं, आता त्याले हाकलते.

ती माह्यावर ओरडली. साऱ्या मांडवासमोर.

"सोडा त्याले! ज्याले वाचवाले माहा माणूस मेला, त्यालेच मारून राह्यले तुमी? हाही मेला तर मंग ते कायले मेले, भाऊजी? सांगा ना! कायले मेले?"

मी त्याची कॉलर सोडली.

तिनं बादली माह्या हातात देली.
"वाढा त्याले."

मी वाढलं. राज्या जेवला. रक्त पुसत, रडत, हुंदके देत जेवला. ताट रिकामं होईपर्यंत वयनी समोरून हलली नाई. अन् मी बादली घेऊन बाजूले उभा, मीही रडून राह्यलो होतो.

दिल्या, तुह्यापाशी खोटं नाई बोलत. माफ नाई केलं त्याले. होईन असं वाटतही नाई.

पण जीव देऊन आणलेला माणूस आहे तो तुहा. त्याच्यावर आता हात उचलणार नाई. कोणाले उचलूही देणार नाई.

जयभीम, गड्या.