मागच्या दाराची शीळ

इर्मा त्रेविन्योला रस्त्यात आपल्या कारखान्याची गाडी दिसली, की राहवायचं नाही. लान्सिंगच्या मोटार कारखान्यात ती गाड्यांची मागची दारं बसवायची. सिग्नलला तसली एखादी गाडी शेजारी येऊन थांबली, की इर्मा काच खाली करून हात हलवायची आणि आतली माणसं बुचकळ्यात पडायची.

"अगं, लोक वेड्यात काढतील तुला," नवरा रामिरो म्हणायचा.

"काढू देत. त्यांची पोरं मागे निवांत झोपतात ना, ती माझ्या जिवावर!"

तिचे आईवडील टेक्सासहून मिशिगनला बिटाची शेतं खुरपायला आले ते इथलेच झाले. इर्माला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा गाड्या जोडायच्या लाईनवरच्या पुरुषांनी पैजा लावल्या, की ही बाई नाताळपर्यंतसुद्धा टिकायची नाही. पुढची दारं बसवणारा धिप्पाड ड्वेन त्यात सगळ्यात पुढे. पण इर्मा टिकली. टिकली कसली, ड्वेनचा हात जरा मंदावला की "काय रे, झोप झाली नाही वाटतं?" म्हणून सगळ्यांदेखत ओरडायला लागली. तिथून दोघांची गट्टी जमली.

एका शनिवारी किराणा दुकानाबाहेर तिला आपल्या कारखान्याची एक हिरवी गाडी दिसली. इर्माने तिचं मागचं दार उघडलं, लावलं, आवाज ऐकून खुशीत मान डोलावली.

"ए बाई! काय चाललंय?" कांद्याची पिशवी घेतलेला एक म्हातारा धावत आला. गावाबाहेर गाई पाळणारा व्हर्न डायकस्ट्रा.

"घाबरू नका, काका. हे दार मी बसवलंय."

"तू? मग बरी सापडलीस! गाडीने वेग घेतला की माझ्या डाव्या कानाशी शीळ वाजते. दोनदा दुरुस्तीला नेली, ते म्हणतात काही नाही. बायको म्हणते, तुमचे कान गेले."

"डाव्या कानाशी?" इर्माचा चेहरा उजळला. "डावीकडे बसूनच चालवता ना, म्हणजे ड्रायव्हरचं दार. ते माझं नाही, ड्वेनचं! चला, माझ्या मागोमाग या."

ड्वेन आपल्या घराच्या अंगणात निखाऱ्यावर बरगड्या भाजत होता. अर्धी लाईन जेवायला जमली होती.

"ड्वेन, तुझं दार शिट्ट्या मारतंय!" इर्माने फाटकातूनच डांगोरा पिटला.

ड्वेनने चिमटा खाली ठेवला. "माझं दार? शक्यच नाही."

लगेच वरात निघाली. ड्वेन चालवायला बसला, शेजारी व्हर्नकाका, मागे इर्मा आणि ड्वेनची बायको बर्निस. हमरस्त्याला लागल्यावर ड्वेनने बजावलं, "आता कुणी श्वाससुद्धा घेऊ नका."

वेग वाढला आणि शीळ आली. बारीक, पण चांगली खणखणीत.

"ऐकलंत?" व्हर्नकाका जागच्या जागी उडाले.

ड्वेनने आपल्या दाराच्या कडेवर तळहात दाबला. शीळ चालूच. खाली दाबला, वर दाबला. चालूच. ड्वेनच्या मागे बसलेल्या बर्निसने सहज आपल्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर हात ठेवला. शीळ बंद. हात काढला, शीळ सुरू.

मग तिघांनी एकदम इर्माकडे पाहिलं. ड्वेनला इतकं हसू फुटलं, की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

"थांबवलीस ते बरं केलंस," इर्मा तोंड झाकून म्हणाली. "नाहीतर चालत्या गाडीतून उडी मारणार होते मी."

तिने खाली उतरून दार उघडलं. कोपऱ्यातली रबराची पट्टी आत दुमडली होती. ती उचकटून तिने अंगठ्याने नीट बसवली. परतीच्या वाटेवर फक्त चाकांचा आवाज.

"चुकलं माझं, काका," ती म्हणाली.

"ते राहू दे. माझ्या बायकोला एवढं सांग, की माझे कान शाबूत आहेत."

इर्माने ड्वेनच्या स्वयंपाकघरातून फोन करून काकूंना तसं सांगितलं, आणि काका पोटभर जेवूनच गेले.

सोमवारी ती लाईनवर आली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्ट्या. तीही हसली. पण त्या दिवसापासून तिचा अंगठा प्रत्येक कोपऱ्यावरून फिरल्याशिवाय गाडी पुढे जाईना. थंडी पडल्यावर रबर आखडायला लागलं, पट्ट्या पुन्हा दुमडू लागल्या, तेव्हा इर्माने सरळ दोरी ओढून लाईन थांबवली.

फोरमन धावत आला. "एका कोपऱ्यासाठी अख्खी लाईन?"

"कोपरा माझा आहे," इर्मा म्हणाली. "असा नाही सोडणार मी."

ड्वेन हातातलं काम टाकून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग आणखी दोघं-चौघं आले. फोरमन पुटपुटत गेला, पण बसवण्याआधी पट्ट्या गरम करायची सोय दुपारपर्यंत झाली.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याने कामगारांच्या घरच्यांना काम बघायला बोलावलं. इर्माची आई युलालिया ठेवणीतला झगा घालून आली. लाईनच्या शेवटी तयार गाडी पहिल्यांदा सुरू करतात, तिथे ती बराच वेळ उभी राहिली.

"हे सगळं तू करतेस?"

"एकटी नाही, आई. आम्ही सगळे."

म्हातारीने स्वतःच मागचं दार उघडलं, आत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू करायला पुढे बसलेल्या ड्वेनला म्हणाली, "चल, बाबा."

ड्वेनने एकदा इर्माकडे पाहिलं आणि गाडी हलवली.

"आई, उतर!" इर्मा मागे धावत ओरडत होती. "विकायची आहे ती!"