उलटी प्रदक्षिणा

डिचोलीच्या पुस्तकांच्या दुकानात मी विचारलं, "रेल्वे शिकायचं पुस्तक आहे का, अगदी सुरुवातीपासून?" तर त्या मुलीने मला रेल्वेभरतीच्या परीक्षेचं गाइड काढून दिलं. माझे पांढरे केस बघून ती जराशी थबकली, एवढंच. मला छोटी, हुबेहूब धावणारी रेल्वे घरात बांधायला शिकायची आहे, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. गाइड चाळल्यासारखं केलं आणि बाहेर पडलो. लाज तिथूनच सुरू झाली म्हणायची.

कारण होतं चवथीचं. आमचं मूळ घर पार्से गावात. गणपती सगळ्या भावकीचा मिळून एकच, पाच दिवसांचा, आणि देखाव्याची पाळी दर वर्षी एकेका घराकडे. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, राहायला डिचोलीत. घरात मला सगळे माश्तरच म्हणतात, आणि त्या म्हणण्यात मान अर्धा, चेष्टा अर्धी. याला बोलता येतं, खिळा ठोकता येत नाही, असा माझा लौकिक. मागच्या पाळीला मी तयार मखर विकत आणलं, तेव्हा आरती संपल्या संपल्या चुलतभाऊ म्हणाला होता, "दुकानदाराक पण आपोवंक जाय आशिल्लो मरे आरतीक!" मखर दुकानदाराचं, तर आरतीला त्यालाही बोलवायला हवं होतं म्हणे! सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला फार लागलं. त्याच चुलतभावाने गेल्या वर्षी देखाव्यात मोपाचा विमानतळ केला. विमान तारेवरून घसरत येऊन बरोबर धावपट्टीवर उतरायचं. मग मीही ठरवलं, या खेपेला गणपतीभोवती रेल्वे धावणार, पेडण्याच्या बोगद्यातून, आणि ती मी माझ्या हातांनी करणार.

इंजिन, डबे, रूळ कुरियरने घरी आले. शिकवणारा मात्र सापडेना. मोबाइलवर व्हिडिओंचा सुकाळ, पण ते सगळे परदेशी लोकांचे. त्यांच्या घराखाली तळघर, तळघरात अख्खा डोंगर, डोंगरावर बर्फ. नवशिक्यांसाठी म्हणून जे काही होतं त्यात पहिल्याच मिनिटाला गेज आणि स्केल, म्हणजे रुळांमधलं अंतर आणि गाडीचं प्रमाण, यांवर वाद सुरू व्हायचा. एकाने तर बर्फ कसा पाडायचा यावर तासभर घालवला. पार्से गावात बर्फ!

शेवटी एक बरा माणूस मिळाला. कुठलेसे निवृत्त गृहस्थ, हिंदीत बोलणारे, जमिनीवर मांडी घालून बसलेले. त्यांचे ओळीने धडे होते. पहिल्या धड्यात ते म्हणाले, आज काहीही बांधायचं नाही, रूळ जमिनीवर मांडा आणि गाडीशी ओळख करून घ्या. मला राग आला. हा मला बालवाडीत बसवतो की काय! मी तो धडा मिनिटभरात बंद केला आणि थेट डोंगर-बोगद्याच्या धड्यावर उडी मारली. जन्मभर मुलांना 'पाया पक्का करा' म्हणून ओरडलेला मास्तर मी.

जेवणाच्या मेजावर रूळ मांडले. बायको म्हणाली, "मेज रुळांक दिलें, आतां जेवचें खंय?" पण तीच रोज कागदाचा लगदा भिजवून द्यायची. बोगदा झाला, भाताची शेतं झाली, काजूची झाडंही झाली. गाडी चालवायच्या डबीवर एक गोल बटण होतं, वेगाचं, आणि एक सरकता खटका. खटका मधोमध आणला की गाडी थांबायची, एका टोकाला नेला की चालायची. म्हणजे हे चालू-बंदचं बटण, मी अनुमान काढलं. पोरं हात लावतील म्हणून चालू बाजूला सारून त्यावर काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळून टाकली. आणि गाडी धावली! मधे देवाच्या जागी पितळेचा तांब्या ठेवून मी तासन्‌तास बघत बसायचो. खरं सांगतो, इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

चवथीच्या दिवशी मूर्ती बसली, पूजा झाली. वर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बांधलेली माटोळी, म्हणजे रानातल्या नि परसातल्या फळांनी लगडलेली लाकडी चौकट. ती दर वर्षी तोच बांधतो आणि पंचक्रोशीत तशी कोणाची नसते. खाली मूर्तीभोवती, डिचोलीहून आणून मांडलेली माझी रेल्वे. दुपारच्या आरतीआधी सगळी भावकी जमली आणि मी बटण फिरवलं. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, गणपतीमागून वळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावाचं तोंड उघडंच राहिलं. ते बघायला मी वर्षभर थांबलो होतो.

तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "अरे, ही गाडी उरफाटी भोंवता मरे! देवाक कोण अशी प्रदक्षिणा घालता?"

देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरायचं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. माझी गाडी त्याला डाव्या हाताशी ठेवून चालली होती. डिचोलीत मधे तांब्या होता. तांब्याला कसली प्रदक्षिणा?

"आत्ता करतो सरळ," मी म्हणालो. इंजिन उचललं, तोंड फिरवून रुळावर ठेवलं, बटण फिरवलं. गाडी पुन्हा त्याच दिशेला निघाली, फक्त आता पाठमोरी. देवाला उलटी प्रदक्षिणा, आणि तीही मागे मागे सरकत.

"माश्तरान रिव्हर्स मारलो!" चुलतभाऊ ओरडला आणि खोली हसण्याने भरून गेली. माझे कान तापले. मूर्ती बसल्यावर हलवता येत नाही, आणि बाकी काय हलवायचं ते मला माहीत नव्हतं. बायको माटोळीकडे बघत राहिली, माझ्याकडे बघेना.

दादा पुढे आला. "रवांदी रे," तो म्हणाला. "इंजीन काड. डबे हातान भोंवडावया." त्याने वाकून एका बोटाने डबे ढकलायला सुरुवात केली, योग्य बाजूने. आरती चालू होती तोवर तो कमरेत वाकून ढकलत राहिला. त्याची कंबर किती दुखते ते मला ठाऊक आहे. माटोळीच्या फळांचा चीक लागून काळी पडलेली त्याची बोटं माझ्या गुळगुळीत डब्यांवर होती आणि मी टाळ्या वाजवत उभा होतो. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर बलकांवात, दारापुढच्या बाकावर, एकटा बसलो आणि मुकाट्याने पहिला धडा लावला. गृहस्थांनी रूळ मांडले, डबी हातात घेतली आणि शांतपणे सांगितलं: खटका या टोकाला, गाडी पुढे, त्या टोकाला, गाडी मागे. बस. मी बंद केल्यानंतरचं पुढचंच वाक्य होतं ते.

आत गेलो. सगळे चहा-उंडो, म्हणजे चहा नि गोल पाव, घेत होते. मी पाठमोरा बसून नखाने चिकटपट्टी सोलली, गाडीला इंजिन जोडलं आणि खटका दुसऱ्या टोकाला सारला. गाडी निघाली, सरळ तोंडाने, देवाला उजव्या हाताशी ठेवून.

"पळयात!" काकी सगळ्यांना गाडीकडे बघायला लावत म्हणाल्या. "माश्तर तो माश्तर. रातभर बसून शिकलो आसतलो."

दादाने पोरांना जवळ ओढलं. "शिकचें कशें, तें ह्याच्याकडल्यान शिकात," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

पहिला धडा मीच टाळला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. चुलतभावसुद्धा कौतुकाने बघत होता, आणि बायको काल दुपारनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. चिकटपट्टीचा काळा बोळा माझ्या मुठीत होता. मूठ मी आणखी घट्ट मिटली. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना वाटलं, मी गणपतीला नमस्कार करतोय.