नवसाच्या पायऱ्या

मुलगी बघायला म्हैसूरला येणाऱ्यांची एक सोय असते. मुलगी पसंत पडली नाही तरी फेरी फुकट जात नाही. राजवाडा होतो, डोंगर होतो, देवी होते, आणि चंदनाचा साबण घेऊन परत जाता येतं. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला आलेली तीन स्थळं असा साबण घेऊन गेली होती. चौथं सांगलीकडचं. त्यांच्या पत्रात गाडीची वेळ होती, राजवाडा किती वाजता उघडतो याची चौकशी होती, देवीला पायीच जायचं आहे असं होतं, आणि मुलीचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता.

अक्का तेव्हा सत्तावीसची, मी बावीसची. आम्ही म्हैसुरातच, नजरबाद भागात राहायचो. अप्पा तिथल्याच एका कचेरीत कारकून. मी एम.ए. करत होते आणि आम्हा सात-आठ मुलींचं एक मंडळ होतं, त्यात हुंड्याविरुद्ध पत्रकं काढत होते. कन्नड पत्रक दुसऱ्या मुली लिहायच्या, मराठी मी. म्हैसुरात मराठी वाचणारी घरं ती किती, पण मला वाटायचं एकही घर सुटता कामा नये. स्टेन्सिल मी कापायची, घड्या अक्का घालायची. नखानं कड दाबून अशी घडी घालायची की पत्रक दारातल्या फटीतून सुरीसारखं आत जायचं. एका पत्रकात मी लिहिलं होतं, ‘मुलीला चालून दाखवायला सांगणाऱ्याला आधी पळून दाखवायला सांगा.’ ते वाचून अक्का हसली आणि म्हणाली, “मला नको सांगू पळायला.”

कारण तिला पळता येत नव्हतं. लहानपणी सांधेतापानं तिच्या काळजाची एक झडप अधू झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्न करा, संसार करू द्या, फक्त चढ आणि घाई नको. पायी डोंगर चढायचा म्हणजे दोन्ही आले. चामुंडीच्या पायऱ्या हजार.

पत्र वाचल्यावर आईनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिनं तोड काढली. आमच्याकडं बायका बेट्ट्याच्या, म्हणजे डोंगराच्या, पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावतात. नवस असतो. आईनं अक्काच्या नावानं तसा नवस जाहीर केला. वाकायचं, हळद लावायची, कुंकू लावायचं, डोळे मिटून हात जोडायचे, तेवढ्यात श्वास परत आणायचा. नवस असलेल्या मुलीला कोण घाई करणार? तीन आठवडे अक्का रोज पहाटे आईबरोबर जाऊन शंभर-शंभर पायऱ्यांचा सराव करून आली.

मी चिडले. बघायला येणाऱ्यांवर चिडले, आईवर चिडले आणि नवसावर तर फारच. मी म्हणाले, सरळ सांगा ना, मुलीला हे आहे, पटलं तर या. आई म्हणाली, “सुम्निरु,” म्हणजे गप्प बैस. अक्का मात्र घडी घालता घालता म्हणाली, “मी सांगणार आहे ग. त्यांच्या मुलालाच सांगणार. वर गेल्यावर, कठड्यापाशी, दोघंच असताना. आधी त्यानं मला बघू दे. माझ्या रिपोर्टाला नको.”

एवढंच तिला हवं होतं. माणसानं आधी तिला बघावं, आणि मग तिच्या तोंडून ऐकावं. मी कबूल केलं की गप्प राहीन.

ती तिघं आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील दिवसभर वर्तमानपत्राची घडी काखेत धरून चालत होते, त्यांच्याविषयी एवढंच आठवतं. मुलगा साखर कारखान्यात इंजिनियर, उंच, जरा वाकून चालणारा. त्याची आई ठेंगणी, गोरी, नऊवारीचा काठ नीट धरून चालणारी. पहिल्या चहालाच ती माझ्या आईला म्हणाली, “तुमचं मराठी गोड आहे हो. आमच्याकडची भांडीवाली असंच बोलते.” आई हसली. आईचं ते हसणं मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

राजवाड्यात त्या बाईंनी राजवाडा फारसा बघितला नाही. मोरांच्या रंगीत काचांच्या छताखाली सगळे माना वर करून उभे होते, तेव्हा त्या खाली अक्काच्या घोट्यांकडं बघत होत्या. चपला बाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळं पाय आयतेच उघडे. पुढं म्हणाल्या, माझा चष्मा राहिला, ती पाटी वाच बघू. चष्मा पिशवीत होता, मी बघितला होता. मग पिशवी जड झाली, ती अक्काच्या हातात गेली. मग म्हणाल्या, तू जरा पुढं चाल, मला रस्ता दाखव. सरळ दालन, त्यात कसला रस्ता? अक्का चालली. मी मागून चालले आणि जीभ दातांत धरली.

पण दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं आहेत ना भिंतीवर, तिथं एक गोष्ट घडली. अप्पा नेहमीप्रमाणे सांगत होते की आमचे पूर्वज घोडदळातून इथं आले आणि इथलेच झाले. मुलानं हळूच अक्काला विचारलं, यातला तुमचा पूर्वज कोणता. अक्कानं एका भालेकऱ्याकडं बोट केलं.

“तो. घोड्याच्या शेपटीमागं ज्याचं तोंड लपलंय तो.”

“कशावरून?”

“त्याचं नाक दिसत नाही. त्यामुळं अप्पांचं नाक कुणावर गेलं, हा वाद आमच्या घरात अजून मिटला नाही.”

तो मोठ्यानं हसला. रखवालदारानं वळून बघितलं. त्यानंतर तो अक्काच्या बाजूनंच चालत राहिला, आणि अक्काच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याच्या आईनं हेही बघितलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

जेवून दुपारी आम्ही पायथ्याशी गेलो. ऊन होतं. अक्कानं हळदकुंकवाचं ताट घेतलं, मी पाण्याची बाटली. वाकणं, लावणं, डोळे मिटणं. नवस चोख चालला होता. आई मधून मधून “निधान, निधान” म्हणायची. पाहुण्यांना वाटायचं मंत्र आहे, ती म्हणत होती सावकाश. मुलगा दोन पायऱ्या वर जाऊन थांबायचा, वळून बघायचा, परत खाली यायचा. झाडं मागं पडली तसं खाली गाव उघडत गेलं. आधी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, मग तळं, मग राजवाड्याचे घुमट. अक्का ते बघत नव्हती. ती फक्त पायरी बघत होती.

सातशे पायऱ्यांवर तो मोठा दगडी नंदी आहे. तिथं पोचलो तेव्हा अक्काच्या ओठांवर घाम होता, पण ओठ अजून ओठांच्या रंगाचे होते. आई तिला घेऊन नंदीला प्रदक्षिणा घालायला गेली. पुरुष काकडी घ्यायला गेले. त्या बाई कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी मला शेजारी बोलावलं.

“तू पत्रकं वाटतेस म्हणे. तुझे अप्पा सांगत होते. खरं बोलायला भीत नाहीस.”

मी म्हणाले, नाही भीत.

“मग मला सांग. तुझ्या बहिणीला काही आहे का?”

एका शब्दाचं काम होतं. ‘नाही’ म्हणून मी पाण्याची बाटली पुढं केली असती तर संपलं असतं. पण सकाळपासून दातांत धरलेली जीभ सुटली. माझ्याकडं छापील उत्तरं तयार होती, आणि मी त्यातलंच एक दिलं.

“तुमच्या मुलाला काही आहे का, हे आम्ही विचारलं? त्याची छाती कुणी तपासून घेतली?”



“छाती,” त्या म्हणाल्या. “मी कुठं छाती म्हणाले होते?”

मी काहीतरी बोलत गेले. मुलगी म्हणजे बाजारातली वस्तू नाही वगैरे. ते सगळं खरं आहे. आजही ते मी सही करून लिहून देईन. पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि सांगितलं, आवाज न चढवता, की त्यांची थोरली सून लग्नानंतर वर्षाच्या आत गेली. जुनं दुखणं होतं, माहेरच्यांनी लपवलं होतं. “मरताना तिनं माझा हात धरला होता. माझा. तिच्या आईचा नाही. आई गाडीत होती.” एवढं बोलून त्या उठल्या.

मला वाटलं आता त्या परत फिरतील. तसं केलं असतं तर मी त्यांना माणूस म्हटलं असतं. त्या अक्काकडं गेल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

“दे इकडं. उरलेला नवस माझ्या हातानं पुरा होईल. देवीला सगळे हात सारखे. तुम्ही दोघं पुढं व्हा, ऊन जायच्या आत वरून गाव बघा.”

त्यांना कळलं होतं. मुलाला अजून कळायचं होतं, आणि मुलगा राजवाड्यात हसला होता. म्हणून त्याला डोळ्यांनी दाखवायचं होतं. माझ्या आईचा हात ताटामागं हवेतच राहिला. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी बाटलीचं झाकण लावत होते. लागलेलंच झाकण मी परत लावत होते.

ती दोघं चढायला लागली. त्याला काही माहीत नव्हतं, तो त्याच्या चालीनं चालला, आणि ती त्याच्याबरोबर राहिली. बोलत होती. हसत होती. चढताना बोलू नको असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. पन्नासेक पायऱ्यांवर तिचं हसणं ऐकू यायचं थांबलं. आणखी दहा-बारा चढली असेल. मग कठडा धरून ती खाली बसली, तोंड उघडं, मान पुढं. मी धावत गेले. तिचे ओठ जांभळे पडले होते.

तो तीन पायऱ्या वर उभा होता. खाली आला, माझ्या शेजारून गेला आणि नळ गळतो हे घरमालकाला सांगावं तशा आवाजात म्हणाला, “आई, हिला दम लागतो.”

“बघितलंस ना?” त्या बाई म्हणाल्या. “झालं तर.”

आणि त्या वाकून पुढच्या पायरीला कुंकू लावायला लागल्या. हे मी विसरत नाही. एकही पायरी त्यांनी चुकवली नाही. आमच्या शेजारची पायरी आली तेव्हा अक्काचा पाय त्यावर होता. त्यांनी तो अलगद बाजूला सरकवला, हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले आणि वर गेल्या.

अक्काला बोलता यायला वेळ लागला.

“तू सांगितलंस?”

मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, छाती असा शब्द माझ्या तोंडून गेला. काय काय झालं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि पदराच्या टोकाला लागलेलं कुंकू बोटानं झटकत होती, ते आणखीच पसरत होतं.

“तुझं बरोबरच आहे,” ती म्हणाली. “पण ते माझं होतं सांगायचं.”

अप्पा म्हणत होते खाली जाऊ. ती ऐकेना. बसत बसत, थांबत थांबत ती वर गेली, ताट नाही, नवस नाही, सगळ्यांच्या देखत दम खात. वर पोचलो तेव्हा पाहुण्यांचं दर्शन झालेलं होतं. मुलगा कठड्यापाशी उभा राहून गाव बघत होता. अक्का तिकडं गेली नाही.

उतरताना आम्ही बस घेतली. अक्कानं खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले होते. त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. तिसऱ्या वळणावर त्यांनी विचारलं, तुझं वय काय. मी सांगितलं. म्हणाल्या, “तू पळत चढलीस मघाशी. बाटली घेऊन. जरासुद्धा लागला नाही तुला दम.”

आठ दिवसांनी पत्र आलं. मजकूर त्या बाईंचा, अक्षर मुलाचं. खाली त्यानं तसं लिहून सही केली होती, ‘आईच्या सांगण्यावरून.’ थोरलीचा योग दिसत नाही. धाकटी काटक आहे. तोंडानं तिखट आहे, ते आमच्याकडं आल्यावर निवळेल. आपला विचार कळवावा. साबण चांगला निघाला.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि एक क्षणभर, फार तर दोन, ती माझ्याकडं राजवाड्यातल्या त्या बाईंसारखी बघत होती. मी हे लिहितेय ते आईला कळेल. कळू दे.

अक्का जमिनीवर बसून नव्या पत्रकाच्या घड्या घालत होती. मी कागद ओढला आणि लिहायला लागले. तुम्ही कोण, तुमची लायकी काय, एका बहिणीला पायऱ्यांवर टाकून तिच्याच बहिणीला मागणं घालणाऱ्यांना नाव काय द्यावं. पाऊण पान झालं. वाक्यं चांगली होत होती. अक्का उठली. तिनं माझ्या हाताखालचा कागद काढून घेतला आणि तिथं कोरं कार्ड ठेवलं.

“नाही म्हण,” ती म्हणाली. “या वेळेला तरी नुसतं नाही म्हण.”

मी लिहिलं. तिनं शाईवर फुंकर घातली, मागं पत्ता लिहिला आणि चपला घालून स्वतःच टाकायला निघाली. टपालाची पेटी चढाच्या टोकाला होती. मी खिडकीतून बघत होते. ती दोनदा थांबली. वाकायला पायरी नव्हती, हातात ताट नव्हतं. कार्ड घेऊन रस्त्याच्या कडेला नुसतीच उभी राहिली, मग परत चालायला लागली.