उल्कासाठी आलेलं स्थळ

मुलुंडला दादाच्या बिऱ्हाडी राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी वहिनीने मला विचारलं, "भावजी, माणसांना आणि वस्तूंना वजनच उरलं नाही, तर फोडणी कढईत राहील की वर तरंगेल?" मी नोकरीत नवा, घरात नवा. चाचरत म्हणालो, "तरंगेल बहुधा."

"मोहरी डोळ्यांत जाईल," ती गंभीरपणे म्हणाली. "मग स्वयंपाकघरच काढून टाकते." आणि शेगडीवरची आमटी ढवळू लागली. मी घाबरून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "रोजचंच आहे ते. तू जेवून घे."

वहिनी कुमारवयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहीत होती. हजार वर्षांनंतरचं एक नगर. तिथे कुणी उपाशी नाही, कुठल्या दाराला कुलूप नाही, नळाला दिवसभर पाणी आणि कुणी कुणावर आवाज चढवत नाही. स्वयंपाकघरं तर नाहीतच. जेवण भिंतीतून येतं. अशा नगरातली सोळा वर्षांची उल्का आकाशयान चालवते. पुस्तक निघालं, तेव्हा मुखपृष्ठावरचं यान खिडक्या पाडलेल्या दुधी भोपळ्यासारखं दिसत होतं, पण खपलं. पुढे आकाशात कृत्रिम चंद्र फिरू लागल्याची बातमी आली आणि गिरगावातल्या प्रकाशकांनी आपणहून निरोप धाडला, 'दुसरा भाग द्या.'

दुपारची भांडी आटोपली की वहिनी मागच्या गॅलरीत बसे. समोर मिठागरं पसरलेली, पांढरीफटक. तिकडे बघत ती लिही. मध्येच कुणी काही विचारलं, तर तिचं उत्तर ठरलेलं, "ते उल्का ठरवेल." एकदा दादाने आज भाजी काय असं विचारलं, तरी हेच उत्तर आलं. त्या रात्री आम्ही पिठलं खाल्लं.

अर्धंअधिक लिखाण वाचून प्रकाशक म्हणाले, "मजकूर झकास. पण बाई, पहिल्या भागात मुलगी सोळाची होती, आता एकोणीसची झाली. पुस्तकं विकत घेतात मुलींच्या आया. लग्न लावा तिचं, मग छापतो."

वहिनी धुमसत घरी आली. शेजारच्या परांजपेकाकू आईशी गप्पा मारत बसल्या होत्या. वहिनीने दोघींना सगळं सांगितलं. तिला वाटलं, बायका आपल्या बाजूने बोलतील.

आई म्हणाली, "एकोणीसची? मग अजून घरात कशी?"

"घरात कुठे आई, ती मंगळाच्या पलीकडे आहे."

"एकटी?"

काकू पुढे सरसावल्या. "माझ्या नणंदेचा मुलगा आहे हो, वेधशाळेत. सगळे तारे पाठ. गोत्र काय मुलीचं?"

"काकू, त्या काळात गोत्रं नसतील."

"मग सगोत्र निघालं तर कळायचं कसं?"

मी हसलो, पण मनातून खट्टू झालो. त्या दिवसांत माझ्यासाठी चौकशीला येणारे मुलींचे वडील माझा पगार ऐकत आणि आईच्या पोह्यांची तारीफ करून उठत. मला धड एक मुलगी सांगून येत नव्हती, आणि जी जन्मलीच नव्हती तिला वेधशाळेतलं स्थळ!

मग रोजच तोच विषय. दूधवालासुद्धा विचारी, "बाई, जमलं का?" शेवटी दादाही वैतागला. तसा तो गरीब माणूस. बायकोचं पुस्तक ऑफिसात चारचौघांना अभिमानाने दाखवणारा. "अगं, शेवटच्या पानावर लाव ना लग्न. एक पान! दोन वर्षं खपलीस त्यावर, ते काय माळ्यावर टाकायचं? कोणाचं काय जातंय?"

"तिचं जातंय," वहिनी म्हणाली.

तरी तिने लिहून पाहिलं. पुस्तक निघावं असं तिलाही वाटत होतंच की! दोन दिवस गॅलरीत बसली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो, तर कागदाचे तुकडे पदरात घेऊन बसलेली.

"काय झालं गं वहिनी?"

"लावलं लग्न. चांगला मुलगा दिला, यान दुरुस्त करणारा. घरी आली दोघं. तो म्हणाला, दमलो. आणि भावजी, ही बया उठली आणि चहा टाकायला गेली! पहिल्या भागात मी त्या नगरातलं एकूणएक स्वयंपाकघर मोडलंय. हिने स्टो आणला कुठून?"

मला हसू आलं. वहिनी हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाशिवायचं हस्तलिखित घेऊन गिरगावात गेली आणि संध्याकाळी तेच घेऊन परत आली. दादाने बाडाकडे पाहिलं आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. आईला मात्र राहवेना.

"नाहीच म्हणाले?"

"नाहीच."

आईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "पण ती मंगळापलीकडे पोचली की नाही, ते तरी वाचून दाखव."

वहिनी बाहेरच्या लुगड्यानिशी तशीच खाली बसली आणि वाचू लागली. परांजपेकाकू आल्या, त्या दारातच टेकल्या. उल्का शनीच्या कड्यांजवळून गेली; तिला निळी वाळू दिसली; एका चंद्रावर बर्फाची कारंजी उडत होती, ती त्यांच्यामधून यान घेऊन गेली. वाचून संपलं, तरी कुणी दिवा लावायला उठलं नाही.

"बाई बाई," आई म्हणाली, "लग्न झालं असतं, तर एवढं बघायला कुठे मिळालं असतं पोरीला!"

वहिनीने बाड बांधलं, माळ्यावर सरकवलं आणि पुन्हा कधी काही लिहिलं नाही. आता ती या जगात नाही. कुणी तिची आठवण काढली की मला अजून चडफडायला होतं. आईला ते महिनाभर आधी सुचायला हवं होतं, असं म्हणावं, तर त्याचाही उपयोग नव्हता. छापणारा आमच्या घरात कुठे बसला होता!