पट्टा कापायची कात्री

रविवारी सकाळी माझ्या भावजयीचा, कल्पनाचा फोन आला तेव्हा मी मशीनवर बसून एका ब्लाउजची बाही बसवत होते. "ताई, हे उठत नाहीत हो…" एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुठल्या टॉवरवर?" ती म्हणाली, "टॉवर कसला ताई… घरीच, खुर्चीत. चहा मागितला, आणि मी घेऊन आले तर…" मुलुंडहून घाटकोपरला रिक्षाने जाताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, हा खुर्चीत कसा काय गेला? म्हणजे इतकी वर्षं मी भलतीकडेच बघून घाबरत बसले होते!

मिलिंद माझा धाकटा भाऊ. पवनचक्क्या दुरुस्त करायचा. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पठाराच्या पायथ्याशी. वाढलो मात्र घाटकोपरला. गावाच्या वर पठारावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा हा नुकताच आयटीआय करून घरी बसला होता. सुट्टीला गावी गेला आणि नोकरी ठरवूनच परत आला. आई म्हणाली, "वारा काय पगार देतो व्हय रे?" तो नुसता हसला. मी मुळात घाबरट. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानाही मी एका हाताने गज धरते. आणि माझा सख्खा भाऊ रोज खांबाच्या पोटातल्या शिडीवरून ढगात जाणार, वर पात्यांच्या मागे माणूस मावेल एवढ्या पेटीत बसून नटबोल्ट आवळणार… मी त्याला शपथ घातली होती, खाली आलास की फोन करायचा. तो करायचासुद्धा. "उतरलो गं," एवढंच म्हणून ठेवून द्यायचा. पठारावर रेंज नसली की माझी वाट लागायची. त्या दिवशी मी बाह्या उलट्या जोडायचे, गिऱ्हाइकांवर खेकसायचे.

त्याच्या कंपन्याही बदलत गेल्या. एक बंद पडली, दुसरी कोणी परदेशी कंपनीने विकत घेतली, मग त्या परदेशी कंपनीलाच आणखी मोठ्या कंपनीने गिळलं. काम तेच, माणसं तीच, टी-शर्टवरचं नाव तेवढं नवं. जुने टी-शर्ट तो माझ्याकडे आणून टाकायचा. डेन्मार्कवाल्यांच्या टी-शर्टाने मी मशीन पुसायचे, जर्मनीवाल्यांच्या टी-शर्टाने ओटा. आला की पाय पसरून सांगत बसायचा, "ताई, आता जगभर लावतायत. चीनवाले तर सगळ्यांच्या पुढे गेले. भर समुद्रात खांब रोवतायत, माहितीय? एकेक पातं तुमच्या गल्लीत आडवं घातलं ना, तर नाक्यावरच्या डेअरीच्या पुढे जाईल." मी विचारायचे, "म्हणजे अजून उंच?" "मग! अजून उंच. झकास!" त्याला झकास वाटायचं आणि मी पुन्हा फोनची शपथ घालायचे. लोक म्हणतात, पवनऊर्जा वाढतेय, चांगलं आहे. असेल. मला आपलं एवढंच कळायचं, की माझा भाऊ आणखी वर गेला.

चढताना अंगात घालायचा जाड पट्ट्यांचा एक साज असतो. खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांवरून जातो आणि त्याला लोखंडी हूक असतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'पट्टा' म्हणायचे. त्यावर वापराची मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की मिलिंद तो घेऊन थेट माझ्याकडे यायचा आणि माझी कापडाची मोठी कात्री मागायचा. मग जमिनीवर मांडी घालून, दात-ओठ खात त्याचे तुकडे करायचा. ऑफिसात परत केला तरी चाललं असतं, पण दुसऱ्या कोणावर त्याचा विश्वास नव्हता. मी ओरडायचे, "मेल्या, धार जाते रे माझ्या कात्रीची! आणि एवढा चांगला पट्टा, पिशव्यांना बंद झाले असते!" एकदाच तो चिडला. म्हणाला, "चांगला दिसतो ना? हेच तर. आमच्यातल्या एकाने असाच चांगला दिसला म्हणून घातला होता…" आणि तो पुन्हा कापायला लागला. त्यानंतर कात्री मी मुकाट देत गेले.

शेवटचा भेटला तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणाला, "कात्रीला धार लावून ठेव, पट्टा संपत आलाय." मी म्हटलं, "तुझी तू विकत आण की!" हसत जिना उतरला… पुढच्या रविवारी खुर्चीत गेला.

आता खरी गोष्ट सांगते. त्याची मुलगी स्नेहल इंजिनीअर झाली आणि पवईला अशाच एका कंपनीत लागली. तिथे एसीत बसून पडद्यावर देशभरातल्या पवनचक्क्या बघायच्या, कुठली फिरते, कुठली अडली. मला इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, सुटले बाई. पण तिने मागून साइटवरचं काम घेतलं, गुजरातमध्ये. बाप गेला तेव्हा ऑर्डर हातात होती. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे घरी जमले होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि कल्पना उठून स्वयंपाकघराच्या दारामागचा पट्टा घेऊन आली. सगळ्यांसमोर पोरीच्या हातात ठेवून म्हणाली, "बाबांचा पट्टा घालूनच चढ. ते सांभाळतील तुला." बायका डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, "कल्पना, अगं, तो संपलाय." ती म्हणाली, "त्यांच्या घामाचा वास आहे त्याला, ताई. संपेल कसा?" स्नेहलने पट्टा घडी करून सॅकमध्ये टाकला. हो नाही, की नाही नाही.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डोळे मिटले की तो पट्टा दिसायचा, आणि त्यात ती पोर. फोन करून विचारायचं धाडस होईना. आईचं मन मोडायचं नाही म्हणून घातला तर? बापाची आठवण म्हणून, एकदाच म्हणून घातला तर? चांगला दिसत होता ना तो!

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दारात उभी राहिली. चप्पलही न काढता म्हणाली, "आत्या, कात्री दे ना."

मी मशीनवरची कात्री उचलून दिली. तिने बापासारखीच जमिनीवर मांडी घातली, पण तिला ते कापड कापवेना. मग एक टोक मी ताणून धरलं, एक तिने. खांद्याचा पट्टा झाला, मांडीचे झाले… छातीवरचा राहिला तेव्हा ती थांबली आणि पहिल्यांदा रडली. मीही रडून घेतलं. शेवटी त्यातला हातभर तुकडा तिने बाजूला ठेवला. "हा आईला देते. एवढासा कोणी घालू शकत नाही."

मी म्हटलं, "नको ना जाऊस गं. पवईतच बस."

"आत्या, बाबा वरून पडले का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? भीती वाटते मला!"

"बाबांनाही वाटायची," ती म्हणाली. "म्हणून तर कापायचे."

इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्या घरात घाबरट मी एकटीच.

आता ती तिकडे आहे. संध्याकाळी मेसेज येतो, "उतरले." तो येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही, आणि ही भीती काही जायची नाही, हे मी ओळखून आहे. त्या दिवशी कात्रीची धार पार गेली होती. धारवाला आला तेव्हा खाली जाऊन लावून आणली. पण ब्लाउज कापायला मी दुसरी घेतलीय. ही मशीनच्या वर खिळ्याला टांगून ठेवलीय, तिला कोणी हात लावायचा नाही. स्नेहलचा पट्टा कोरा आहे. तो जुना होऊ दे, त्याची मुदत संपू दे, आणि तो घेऊन तिने माझ्या दारात यावं. मी ओरडणारच आहे, "मेले, धार जाते गं!"